सतीशच्या नावाचा ठिपका

अनुप रामटेकेला डोंगरांचं वेड लागलं ते पुण्याच्या नोकरीत, आणि ते वेड घेऊन तो राहायला आला कुठे, तर बेस्टला. हॉलंडमधल्या आइंडहोवन शहराशेजारचं हे गाव इतकं सपाट, की सायकलवरून जाताना कालव्यावरच्या पुलाचा चढ लागला तरी लोक आधी गिअर बदलतात. देशातला सगळ्यात उंच डोंगर दक्षिणेच्या टोकाला आहे. तिथे थेट माथ्यापर्यंत गाडी जाते आणि वर कॉफी मिळते. डच माणसं त्याला बेधडक 'बेर्ग' म्हणतात, म्हणजे पर्वत! अनुप पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा माथा नेमका कुठला, हे त्याला एका आजीबाईंना विचारावं लागलं.

उंचावर चढणं त्याच्या घरातलंच. त्याचे वडील भानुदास भंडारा जिल्ह्यात वीज मंडळाचे लाइनमन होते. वादळात तारा तुटल्या की रात्र असो की दिवस, खांबावर चढायचे. गावाला उजेड देऊन खाली उतरले की काही घरांतून त्यांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतून. अनुपने ते लहानपणी पाहिलं होतं. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही. शिकला, इंजिनियर झाला, पुण्याला गेला, तिथून चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर हॉलंडला आला. बायको हर्षा, मुलगी समता, दहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर. चारचौघांसारखंच चाललं होतं.

तिथल्या मराठी मंडळात नवा माणूस आला की त्याची चौकशी ठरलेल्या क्रमाने होते. कुठल्या कंपनीत? मूळचे कुठले? आडनाव काय? तिसऱ्याचं उत्तर मिळालं की समोरच्या चेहऱ्यावरचं हसू किंचित थांबतं आणि मग दुप्पट होतं. त्या दुप्पट हसण्याचा अनुपला जास्त वैताग यायचा. सतीश लिमये मात्र कॅन्टीनमध्ये भेटला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलायस का?" त्या एका प्रश्नावर अनुपने त्याला मित्र मानून टाकलं. माणूस कशावर भाळेल, काही सांगता येत नाही.

दोघांनी आल्प्समधली दोन-तीन शिखरं एका दोरावर केली. मग सतीशच्या डोक्यात ओहोस देल सालादो शिरला. चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा, अँडीज पर्वतातला हा जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी, सात हजार मीटरला शंभरेक मीटर कमी. बर्फ फारसं नाही, पण वारा असा की उभं राहू देत नाही, आणि हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते. २०२०च्या डिसेंबरात जायचं पक्कं झालं आणि मार्चमध्ये करोनाने जगाचं दार लावून घेतलं.

मग दोन वर्षं तयारीच चालली. सतीशने एक्सेल सांभाळलं, अनुपने जिने. जिम बंद, सीमा बंद, तेव्हा हा पठ्ठ्या पाठीवर तांदळाच्या पिशव्यांनी भरलेली सॅक घेऊन आपल्याच इमारतीच्या दहा मजल्यांवर खालीवर करायचा. सातव्या मजल्यावरच्या डच बाई त्याला कुरिअरवाला समजल्या. दोन वेळा त्यांनी परत पाठवायचं पार्सल त्याच्या हातात ठेवलं. दुसऱ्यांदा तो निमूटपणे ते खाली दुकानात देऊन आला. हर्षा म्हणाली, "अरे, सांगायचं ना त्यांना!" तो म्हणाला, "जाऊ दे, खाली तर उतरतच होतो." हे 'जाऊ दे' त्याच्या तोंडात बसलेलं होतं. हर्षाच्या अंगाची त्याने लाही व्हायची.

२०२१च्या एप्रिलात भानुदास नागपूरच्या दवाखान्यात करोनाने गेले. भारतातून येणारी विमानं बंद झाली होती, गेलं तर परत कधी येता येईल याचा पत्ता नव्हता, आणि गेलं तरी हाताला काही लागणार नव्हतं. वडिलांना शेवटचं त्याने पाहिलं ते चुलतभावाने लांबून धरलेल्या फोनवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. तो रडला नाही. सॅक उचलून जिन्यावर गेला आणि पाय उचलेनात तोवर चढत राहिला. पोस्ट सुरळीत झाल्यावर गयाबाईंनी, त्याच्या आईने, एक लहानसा पंचशील ध्वज पाठवला. भानुदासांच्या कपाटातला, कडेला थोडा उसवलेला. फोनवर म्हणाल्या, "तुह्या बाबाले लय हौस होती बाबू, तू जाशील तं वर घेऊन जाशील म्हणे. जगात सगळ्यात उंच हाय ना थो?" अनुप म्हणाला, "ज्वालामुखींमध्ये सगळ्यात उंच, आई." त्या म्हणाल्या, "मंग झालं तं."

२०२२च्या फेब्रुवारीत अखेर ते चिलीला पोचले. तपासण्या, लशींचे दाखले, मास्क, सगळे सोपस्कार करून कोपियापो गावातून जीपने वाळवंटात शिरले. हिरव्या सरोवराकाठी तंबूत राहून अंगाला उंचीची सवय केली. त्या सरोवरापाशी, मागे डोंगर घेऊन, सतीशने स्वतःचा एक फोटो काढून घेतला. झकास आला होता. दोघांत मिळून एक ट्रॅकर भाड्याने घेतला होता. ही उपग्रहाशी बोलणारी डबी दर थोड्या वेळाने नकाशावर एक ठिपका टाकते आणि घरच्यांना तो इंटरनेटवर दिसतो. दोघं कायम बरोबरच असणार, मग दोन कशाला? डबी सतीशच्या खात्यावर होती, म्हणून ठिपक्यापुढे नाव सतीशचं. त्याच्या बायकोने, नीलिमाने, ती लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिली होती. गयाबाईंच्या फोनवर हर्षाने पाठवली.

शेवटच्या मुक्कामाची झोपडी म्हणजे दगडात ठेवलेला एक कंटेनर. तिथे सतीशचं डोकं फुटायला आलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. गाइड एर्नान अनुभवी होता. त्याने बोटानेच दाखवलं: हा खाली. जीपचा ड्रायव्हर त्याला पहाटे खालच्या तळावर नेणार होता. सतीशने गळ्यातली डबी काढून अनुपच्या हातात दिली. "हा तू ठेव. मी जीपमध्ये बसणार, मला काय करायचाय? वर काही झालं तर बटण दाबता येईल. जा, करून ये यार." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हे त्याचं शहाणपणच होतं आणि मनापासून होतं, त्यात तिळमात्र खोट नव्हती.

एर्नान आणि अनुप निघाले. भुसभुशीत राखाडी उतारावर पाऊल टाकावं आणि अर्धं मागे घसरावं, असं ते तासन् तास चाललं. वाऱ्याने गॉगलच्या कडेतून बारीक वाळू आत येत होती. ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचल्यावर अनुपला वाटलं, पुरे झालं, इथूनच परतावं. शेवटी खडकाचा एक उभा टप्पा होता. तिथे बांधलेला दोर धरताना त्याला एकाएकी खांबावरचे वडील आठवले, आणि मग मात्र तो थांबला नाही. माथ्यावर बसून त्याने जॅकेटच्या आतून तो उसवलेला झेंडा काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला. एर्नानने फोटो काढला. वर्षभर न आलेलं रडू तिथे आलं. हवा नव्हती, म्हणून नीट रडताही येईना. "बाबा, आलो," असं तो मोठ्याने म्हणाला. एर्नानने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच वेळी इकडे हॉलंडात संध्याकाळचा चहा चालला होता. लोक अजून घरातच बसायला सरावलेले, त्यामुळे अख्खं मंडळ क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसा तो ठिपका पाहत होतं. ठिपका माथ्यावर टेकला आणि मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथ यांनी ग्रुपवर बार उडवला: 'नेदरलँड्समधल्या मराठी माणसाने जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी सर केला! आपले लाडके सतीश लिमये यांचं त्रिवार अभिनंदन!' फुलं, फटाके, हात जोडलेले. हर्षाने लिहिलं, 'अनुपसुद्धा आहे बरोबर.' तिला तीन अंगठे मिळाले.

कोपियापोच्या हॉटेलात फोनला नेट मिळालं आणि सतीशचा फोन थरथरायचा थांबेना. तो वाचत होता, आधी हसत, मग गप्प होत.

"अरे, हे लोक येडे आहेत," तो म्हणाला. "ठिपका बघून ठरवून टाकलंय. पुण्यात आईने पेढे वाटले म्हणे."

"मी लिहितो ग्रुपवर, गैरसमज झालाय म्हणून," अनुप म्हणाला.

"तू नको लिहूस. तू लिहिलंस तर बरं दिसणार नाही. मी नीट सांगतो. आधी बाबांना फोन करतो, त्यांची तब्येत अजून कोविडनंतर सावरलेली नाही."

"बरं. माथ्यावरचा फोटो टाकू का?"

सतीशने तो फोटो मोठा करून पाहिला. गॉगल, तोंडावर फडकं आणि ताणून धरलेला झेंडा. "भारी आहे रे. पण ग्रुपवर नको टाकूस. उगाच पोलिटिकल होतं सगळं."

अनुप म्हणाला, "जाऊ दे."

बेस्टला परतल्यावर सतीश आठवडाभर 'सांगतो' म्हणत राहिला. मग तो 'आम्ही' म्हणू लागला. 'आम्ही केलं', 'टीम एफर्ट होता'. शिखराला गेलेल्या एका माणसाचे असे दोन झाले, आणि दोनाचा पुन्हा एक व्हायला फार दिवस लागले नाहीत, फक्त तो एक वेगळा होता. गुढीपाडव्याला मंडळाने सत्कार ठेवला. दोन वर्षांनी पहिलाच मोकळा कार्यक्रम, हॉल तुडुंब. मंचामागे सरोवराकाठचा तो झकास फोटो, माणसाच्या उंचीएवढा छापलेला. सतीशला शाल आणि श्रीफळ. अनुपला पुष्पगुच्छ, 'मोलाची साथ दिल्याबद्दल'. शाल आपल्या अंगावर पडताना सतीश क्षणभर गडबडला, हे अनुपने पाहिलं. आता सांगेल, असं त्याला वाटलं. सतीशने माइक घेतला आणि म्हणाला, "खरं सांगतो, अनुपशिवाय हे शक्यच नव्हतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य काय बेमालूम होतं पाहा! एकही शब्द खोटा नाही आणि एकही खरा नाही. हर्षा तिसऱ्या रांगेत ओठ आवळून बसली होती आणि नीलिमा तिच्याकडे पाहायचं टाळत साबुदाणा वड्यांच्या ताटांची उगाच मांडामांड करत होती. गुरुनाथांनी अनुपपुढे माइक धरला. "दोन शब्द?" त्याच्या खिशात फोन होता, फोनमध्ये तो फोटो होता. एका मिनिटाचं काम. पण त्याला ते पुढचं मिनिटही दिसलं: फोटो हातोहात फिरेल, कुणी म्हणेल चेहरा कुठे दिसतोय, कुणी म्हणेल झेंडा कशाला न्यायचा, आणि डोंगर राहील बाजूला. ज्या माणसाने वर पाऊल टाकलं त्यानेच ते पटवत बसायचं, या गोष्टीची त्याला शिसारी आली. आणि मित्राला भर सभेत उघडं पाडायला जीभ उचलेना. तो म्हणाला, "सगळ्यांचे आभार." घरी येताना हर्षाने तो पुष्पगुच्छ गाडीच्या मागच्या सीटवर फेकला आणि तोंड खिडकीकडे केलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी लायडनला त्यांच्या बौद्ध मंडळींची जयंती झाली. तिथे शैलेंद्र नावाच्या संशोधक मित्राने तोच झेंड्याचा फोटो पडद्यावर लावला, भानुदासांचं नाव घेतलं, सगळा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत समता टाळ्या वाजवत होती, हात लाल होईस्तोवर. म्हणजे एकाच डोंगराचे एकाच देशात दोन मालक झाले. या हॉलमधला माणूस त्या हॉलमध्ये जात नव्हता, त्यामुळे कुणाची काही अडचणही होत नव्हती. असंच चालत राहिलं असतं, आणि अनुपने चालूही दिलं असतं.

पण समता आणि सतीशची मुलगी उत्तरा एकाच वर्गात होत्या.

डच शाळेत प्रत्येक मुलाला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. त्याला स्प्रेकबर्ट म्हणतात, आणि घरची माणसं त्याची परीक्षेसारखी तयारी करून घेतात. मे महिन्यात उत्तराची पाळी आली. विषय: माझे बाबा आणि जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी. त्या पोरीचा काही दोष नाही. तिला घरात जे कळलं होतं, तेच ती बोलली. सरोवराचा फोटो दाखवला, डोंगरावरचा एक राखाडी दगडही दाखवला. तो अनुपनेच तिला आणून दिला होता.

त्या दिवशी समता शाळेतून आली ती दप्तर न काढता सोफ्यावर बसून राहिली. हर्षा अजून कामावर होती. अनुपने दूध गरम करून दिलं. तिने घेतलं नाही.

"काय झालं, बेटा?"

ती मराठी समजायची, बोलायची इंग्लिश. "आय टोल्ड देम इट वॉज यू," ती म्हणाली. मग तुकड्या-तुकड्यांत सगळं बाहेर आलं. उत्तरा बोलत असताना ही उठून म्हणाली, हे माझ्या बाबांनी केलंय. उत्तरा रडायला लागली. त्यांची बाई, मुलं तिला युफ म्हणतात, मोठी प्रेमळ. तिने दोघींना जवळ घेतलं आणि म्हणाली, चला, बघूच या. उत्तराच्या बाबांनी दिलेली नकाशाची लिंक तिने फळ्यावर उघडली. सगळ्या वर्गाने पाहिलं. ठिपका अगदी माथ्यावर होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, सतीश.

"मग युफ काय म्हणाली?"

"शी सेड, दुसऱ्याच्या आनंदात आपणही आनंदी व्हायचं असतं." हे मात्र तिने मराठीत सांगितलं, कुणी पाठ करून घेतल्यासारखं. "अँड दॅट आय शुड से सॉरी. इन द सर्कल. इन फ्रंट ऑफ एव्हरीवन."

"तू म्हणालीस?"

तिने मान डोलावली. आपण गिळलेला एकेक शब्द या पोरीच्या वाट्याला आला, हे अनुपला तेव्हा लखलखीत कळलं, आणि स्वतःची अशी चीड आली की तिच्यासमोर बसवेना. हर्षा दारातून आत येते न येते तोच तो सायकल घेऊन बाहेर पडला.

सतीश बागेत खुर्च्या पुसत होता. अनुपने बसायला नकार दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"अरे, मुलांचं काय एवढं मनावर घेतोस," सतीश म्हणाला. "उद्या दोघी एकत्र खेळतील."

"उद्या तू शाळेत चल. त्यांच्या बाईंना सांग, खरं काय ते."

"काय सांगू? उत्तराचा बाप खोटारडा आहे? दहा वर्षांची आहे ती."

"समताही दहाच वर्षांची आहे."

सतीशने फडकं खाली टाकलं. "अनुप, मी स्टेजवर तुझं नाव घेतलं की नाही? अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. ट्रॅकर माझा, प्लॅन माझा, परमिटं मी काढली. तू शेवटचा तुकडा चाललास."

"तो तुकडा म्हणजेच डोंगर होता, सतीश."

"लायडनला झाला ना तुझा सत्कार? तुझ्या लोकांत? मग इथलं पण पाहिजेच का?" त्याचा आवाज चढला. "तुम्हा लोकांना ना, कितीही द्या, पुरत नाही."

नीलिमा दारात उभी होती. "सतीश!" एवढंच ती म्हणाली. सतीशने फडकं पुन्हा उचललं. आपण काय बोललो हे त्याला कळलं होतं, पण मागे घ्यायचं धाडस नव्हतं. अनुप त्याच्याकडे पाहत राहिला. आल्प्समध्ये ज्याच्या कमरेच्या दोराला आपला जीव बांधून बर्फाच्या भेगांवरून चाललो, तो माणूस हाच. राग यायला हवा होता, आलं ते लाजेसारखं काहीतरी, आणि तेही स्वतःबद्दलच. एकदाही 'जाऊ दे' न म्हणता तो वळला आणि फाटक उघडंच टाकून निघाला.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. लॅपटॉप उघडला. माथ्यावरचे सगळे फोटो काढले. चढताना एर्नानने केलेला व्हिडिओ होता, त्यात गॉगल वर सारलेला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. एर्नानला मेसेज टाकला, 'कोण वर गेलं ते इंग्लिशमध्ये दोन ओळी लिहून दे.' लगेच उत्तर आलं, मोठं आणि आनंदाचं. मंडळाच्या ग्रुपवर त्याने झेंड्याचा फोटो टाकला, खाली स्वतःचं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि काय उत्तर येतंय ते पाहायला थांबलाही नाही. हर्षा पाठीमागे उभी राहून पाहत होती. इतक्या दिवसांनी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

समता नाइट ड्रेस घालून पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो तिच्याजवळ बसला.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर शाळेत," तो म्हणाला. "युफला व्हिडिओ दाखवू. सगळ्या वर्गाला दाखवू. तू खरं बोलली होतीस, चूक माझी होती. मी आधीच बोलायला हवं होतं."

ती वळली. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता.

"नेय, पपा," ती म्हणाली. "प्लीज डोन्ट कम. आय ऑलरेडी सेड सॉरी. नाउ दे आर नाइस टु मी अगेन."